बुटाच्या खोक्यातल्या कोऱ्या पावत्या

मागच्या रविवारी टॅक्सचं काम काढलं म्हणून कपाटातलं बुटाचं खोकं उघडलं आणि डोक्याला हातच लावला, वर्षभर जपून ठेवलेल्या पावत्यांपैकी निम्म्या पांढऱ्याफटक! पार्किंगची, टॅक्सीची, सगळी ती चकचकीत थर्मल कागदाची, उष्णतेने छपाई उडते अशी, आणि खोकं नेमकं हीटरच्या शेजारी होतं. जर्मनीतला कायदा म्हणतो पावत्या आठ वर्षं सांभाळा (२०२५ च्या आधी दहा होती) आणि कागद आठ महिने टिकत नाही.

इथे स्टुटगार्टला नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा वाटलेलं की प्रवासखर्च म्हणजे काय, तिकिटं जोडायची की झालं. माझ्या टॅक्सवाल्या बाईंनी पहिल्याच भेटीत इथलं ठेवणीतलं वाक्य ऐकवलं, 'काइने बूखुंग ओने बेलेग', म्हणजे पावती नाही तर नोंद नाही. आणि गंमत अशी की जेवणाला हे लागूच नाही!

म्हणजे बघा, मंगळवारी सकाळी क्लायंटकडे हॅम्बुर्गला गेलो आणि गुरुवारी रात्री परत आलो तर जायच्या दिवसाचे १४ युरो, मधल्या पूर्ण दिवसाचे २८, यायच्या दिवसाचे १४, असे ५६ युरो टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नातून सरळ वजा होतात, तुम्ही वडापाव खा नाहीतर उपाशी राहा, कोणी बिल मागत नाही. (वडापाव मिळत नाही ही गोष्ट वेगळी.) फक्त हॉटेलच्या बिलात नाश्ता एकत्र धरला असेल तर हॉटेलच्या खर्चातून दर नाश्त्यामागे ५.६० युरो कापून घेतात. मी दोन्ही दिवस नाश्ता न करता पळालो होतो तरी कापले, कारण बिलात होता ना! आणि एकाच क्लायंटकडे सलग तीन महिने जात राहिलात की हे जेवणाचे पैसे बंद. क्लायंटला जेवायला नेलं तर मात्र उलटं, तिथे छापील बिल पाहिजेच, कोण कोण होतं आणि कशासाठी हे लिहून सही पाहिजे, आणि एवढं करून ७० टक्केच धरतात.

स्वतःच्या गाडीने गेलं तर किलोमीटरला ३० सेंट. म्युनिकला जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर, म्हणजे १३८ युरो. पण तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर आणि कशासाठी हे लिहिलेलं हवं. मी 'क्लायंट मीटिंग' एवढंच लिहायचो, त्यावर बाई म्हणाल्या, कोणता क्लायंट, कसली मीटिंग? मार्चमधली मीटिंग नोव्हेंबरात कोणाला आठवते, मी जुने मेल आणि कॅलेंडर उपसत बसलो, अख्खा शनिवार गेला.

आमचे बाबा सांगलीला एलआयसीचे एजंट होते. रात्री जेवण झालं की लाल वहीत लिहायचे, 'मिरज, एसटी, अमुक पाटलांचा हप्ता'. आम्ही भावंडं हसायचो. आता मी परतीच्या ट्रेनमध्ये बसल्या बसल्या पावतीचा फोटो काढतो आणि खाली तस्संच लिहितो, गाव, काम, माणूस. फोनवर बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, ते ठीक आहे, पण त्या कोऱ्या पावत्यांचं काय केलंस?

अजून खोक्यातच आहेत.