तानोआचा नाका: आर्मा ३ मधल्या मिशनची प्रगती

आर्मा ३ या लष्करी सिम्युलेशन गेमसाठी मी बनवत असलेलं नाकाबंदीचं मिशन आता खेळण्याजोगं झालंय. जागा गेममधल्या तानोआ बेटावरच्या जॉर्जटाऊनबाहेरचा रस्ता, वेळ पहाटेची, तुकडी २०१६ च्या एपेक्स या विस्तारातली जेन्डार्मरी, म्हणजे निमलष्करी पोलीस. ज्यांनी हा फॅक्शन (गट) वापरला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गणवेश वेगळा, हातात छोटी सबमशीनगन, बुडाखाली ऑफरोड गाडी. दिसायला अस्सल निमलष्करी, वागायला मात्र नाटोचं पायदळच.

सगळं घोडं इथेच अडलं होतं. आर्माच्या इंजिनात बाजू आधीच ठरलेली असते. ऑपफोर (शत्रूपक्ष) दिसला की गोळी. सिव्हिलियन असेल तर तो हातात बंदूक घेऊन समोर उभा राहिला तरी कोणी ढुंकून बघत नाही. लढाईत हे खपून जातं. नाक्यावरच्या जवानाचं सगळं काम मात्र या दोहोंच्या मध्ये: गाडी थांबव, डिकी उघडायला लाव, कागद बघ, संशय आला तर बाजूला घे. फ्रान्सची खरी जेन्डार्मरी लष्करी दल असूनही २००९ पासून गृहमंत्रालयाखाली आहे. आपली सीआरपीएफ, बीएसएफसुद्धा गृहखात्याचीच. अशा दलाला शत्रू शोधून मारायचा नसतो, समोरचा कोण आहे ते आधी ठरवायचं असतं.

जुगाड असा केलाय. ड्रायव्हर सिव्हिलियन म्हणूनच येतो. झडतीच्या वेळी ट्रिगर लागला, म्हणजे ठरवलेली अट पुरी झाली, तर जॉइनसायलेंट या स्क्रिप्ट कमांडने त्याला पूर्वेच्या, म्हणजे ऑपफोरच्या नव्या ग्रुपमध्ये ढकलतो आणि सीटखालचं पिस्तूल हातात देतो. जवानांना बदल उमगायला जरा वेळ लागतो. हा उशीर मी मुद्दाम तसाच ठेवलाय, कारण एरवी एआयचा नेम आणि वेग माणसाचा वाटतच नाही. कॉम्बॅट मोड ‘फायर ॲट विल’वरून ‘होल्ड फायर’वर आणला. बेड्यांसाठी एसीई या मॉडचे केबल टाय.

चुकून निरपराध मेला तर काय, हा प्रश्न उरतोच. मूळ गेममध्ये खेळाडूचं रेटिंग उणे २००० च्या खाली गेलं की आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडतात. चौकशी नाही, निलंबन नाही, थेट निकाल! या बाबतीत २००५ चा स्वॉट ४ हा पोलिसी गेम अजूनही पुढे वाटतो. तिथे विनाकारण गोळी झाडली की गुण कापले जातात, पडलेली शस्त्रं गोळा करावी लागतात, कोण जखमी, कोण ताब्यात हे वायरलेसवर कळवावं लागतं. तीच गुणपद्धत उचलतोय.

दिसण्यात आर्मा कुणाला हार जाणार नाही. २०२१ मध्ये आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी याच गेमची क्लिप अफगाणिस्तानातल्या पंजशीरमधला हल्ला म्हणून दाखवली होती. पण असल्या क्लिपमध्ये कायम विमानं आणि तोफाच. नाक्यावर टॉर्च धरून उभा असलेला शिपाई कोण बघणार?

टेस्टिंगला बसलेल्या मित्रांची तक्रार एकच: बराच वेळ काही घडत नाही. ते बदलणार नाही. आलेल्या गाड्यांपैकी बहुतेक निर्दोषच असतील, आणि कुठली नाही हे दर वेळी रॅंडम ठरेल.

बाकी कामं: गाड्या वळणावर एकमेकींना धडकतात, त्यांचे वेपॉइंट (वाटेतले टप्पे) नीट करायचेत. ‘लॉज ऑफ वॉर’ या विस्तारातल्या आयडॅप या मदतसंस्थेची व्हॅन आणायचीय, तिची झडती घ्यायची की नाही हा पेच खेळाडूवर टाकून. आणि मराठी संवाद रेकॉर्ड करायला दोन आवाज हवेत. ‘गाडी बंद करा, खाली उतरा’ हे न ओरडता, पण जरबेने म्हणता येणारे.