मराठवाड्याचं वाळवंट होणार का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी अंबाजोगाईत भूगोल शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न वर्गातही येतो आणि पुण्याकडच्या लग्नांत पंगतीतही येतो. पुण्यातल्या आवाजात थोडी कीव असते. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून ती जरा वाढलीच.

माझं उत्तर लोकांना तिरकं वाटतं. वाळवंट व्हायची आपली ऐपत नाही.

वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो ते वाळवंट, असं ढोबळमानानं धरतात. जैसलमेरला सरासरी दोनशेच्या आसपास पडतो. आपल्याकडे सातशेच्या आगेमागे, म्हणजे तिपटीहून जास्त. आणि जैसलमेरचं ते थरचं वाळवंट तर जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांत मोडतं. तिथं माणसं, उंट, चिंकारा हरीण, सांडा नावाचा सरडा सगळे नांदतात, कारण पाऊस येणार नाही हे गृहीत धरूनच त्यांनी संसार मांडलेला असतो.

उंटाचंच बघा. मदारीत पाणी असतं असं मुलं दरवर्षी लिहितात. मदारीत चरबी असते. पाण्याची बचत चालते ती वेगळीकडे. पहाटे त्याचं अंग चौतीस अंशांपर्यंत उतरतं, दुपारी चाळीसच्या वर चढतं, आणि तोवर तो घाम काढत नाही. आपल्याला एवढा ताप आला तर सलाईन लागेल. त्याची लघवी घट्ट, लेंडी कोरडी. वजनाच्या पावपट पाणी अंगातून गेलं तरी तो चालतो, आणि मिळालं की एका बैठकीत शंभर लिटर पितो. चिंकाऱ्याला तर पाणवठा सापडला नाही तरी बरेच दिवस भागतं. पाल्यातली ओल आणि पहाटेचं दव त्याला पुरतं. हाच चिंकारा आपल्या बालाघाटाच्या माळावरही आहे, हे मात्र पोरांना ठाऊक नसतं.

माणसांची युक्ती मला जास्त आवडते. जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी खडीन बांधले. उताराच्या तळाशी लांब मातीचा बांध घालायचा, खडकाळ रानावरून येणारं पावसाचं पाणी तिथं अडवायचं आणि जिरू द्यायचं. पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर पाणी द्यायचंच नाही.

वाचताना ओळखीचं वाटलं ना? आपली रब्बीची ज्वारी दुसरं काय करते? काळ्या रानानं पावसाळाभर पिऊन घेतलेल्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळू पेरायचा आणि वरचा थेंब न मागता फेब्रुवारीत काढायचा. ऊन वाढलं की ज्वारी पानाची सुरळी करते, पानावर मेणचट पांढरा थर असतो, ताण फारच बसला तर वाढ थांबवून गप्प राहते आणि ओल मिळाली की पुन्हा उठते. रान भेगाळायला लागलं की कोळपं चालवून भेगा बुजवायच्या. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते उगाच नाही. ज्वारी पेवात, कडबा गंजीत, दावणीला लाल कंधारी गाय, दारात उस्मानाबादी शेळी, वर मातीचं जाड माळवद. वाळवंटात जगायचे निम्मे धडे आपल्याला पाठ होते.

मग बोअर आला. आपल्याखाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मावेल तेवढंच पाणी. पाचशे, सातशे, हजार फूट जाऊन आपण ते उपसलं आणि उसाला दिलं, जो बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही; ज्वारीच्या भावावर पोराचं इंजिनिअरिंग होत नाही. पण उसाची सवय लावून घेऊन पाऊस दगा देतो म्हणणं मला पटत नाही.

थरच्या लोकांना सोन्याचं करायचं म्हणूनही हे सांगत नाही. पंजाबातून इंदिरा गांधी कालवा आला तसे तिथलेही बदलले. गंगानगर-हनुमानगढकडे पाणी इतकं मुरलं की काही रानं पाणथळ झाली. त्याला तिथं ‘सेम’ म्हणतात. घरासमोरचे टांके, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या जमिनीखालच्या टाक्या, अनेक ठिकाणी पडून राहिले. नळ आला की काटकसर जाते, माणूस कुठलाही असो.

म्हणून वर्गात मी प्रश्नाचं उत्तर देत नाही, गणित घालतो. हजार चौरस फुटांचा स्लॅब, सातशे मिलिमीटर पाऊस. उत्तर पासष्ट हजार लिटर येतं. थोडं वाया गेलं तरी पाच टँकर सहज. मग पाठीमागून कुणीतरी विचारतंच, "सर, एवढं ठेवायचं कुठं?" बरोबर आहे, एवढी टाकी बांधायला पैसा लागतो. म्हणून ते जमिनीतच जिरवायचं: पन्हाळीचा पाइप थेट बोअरपाशी न्यायचा, भोवती खड्डा करून त्यात दगड, खडी, वाळूचे थर भरायचे, केसिंगला, म्हणजे बोअरच्या वरच्या पाइपाला, भोकं पाडून जाळी गुंडाळायची, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाहेर सोडून द्यायचं. हे मे महिन्यात करायचं काम आहे.