आधी काय मिळणार नाही, ते सांगते

मार्च महिन्यात आमच्या विमा कंपनीच्या शाखेतले दिवे रात्री नऊपर्यंत जळत असायचे. फळ्यावर प्रत्येक एजंटचं नाव आणि नावापुढे आकडा. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब शिकवायचे. समोरचा "विचार करतो" म्हणाला की उठायचं नाही, "विचार मुलांचा करताय की खर्चाचा?" असं विचारायचं. नवरा-बायको दोघंही घरी असतील तेव्हाच जायचं, म्हणजे "घरी विचारून सांगतो" म्हणायला जागा राहत नाही. फॉर्म अर्धा भरूनच न्यायचा. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं आणि 2014 पासून दोन-अडीच वर्षं अगदी मन लावून केलं.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक मावशी राहतात. तेव्हा त्या घरोघरी पोळ्या करायला जायच्या. मार्च 2015 मध्ये, फळ्यावर माझ्या नावापुढे दोन पॉलिसी कमी होत्या म्हणून, मी त्यांच्याकडे सलग तीन संध्याकाळ गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. वीस वर्षांची पॉलिसी, सहा महिन्यांना नऊ हजारांचा हप्ता. तीन हप्ते त्यांनी भरले. मग काकांचं आजारपण आलं आणि चौथा राहिला. काही महिन्यांनी मावशी पत्र्याच्या डब्यातून तिन्ही पावत्या घेऊन खाली आल्या. टाचणी लावून एकत्र ठेवलेल्या, घड्यांवर विरलेल्या. "बाई, आता भरणं होत नाही. यातलं किती मिळेल गं?"

तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा लांब मुदतीच्या पॉलिसीत पूर्ण तीन वर्षांचे हप्ते भरले नाहीत तर मोडताना हातात काहीच येत नसे. थकलेली रक्कम व्याजासकट भरून ती पुन्हा चालू करता आली असती, पण पैसे कुठून आणणार? काहीच मिळणार नाही, असं मी सांगितलं. त्या "असू दे" म्हणाल्या आणि पावत्या परत डब्यात ठेवल्या. छापील कागदात ती अट होती. त्या तीन संध्याकाळी मी मात्र तिचं नावही काढलं नव्हतं. ते सत्तावीस हजार त्यांना कधीच परत मिळाले नाहीत. आजही जिना चढताना मला ते आठवतात.

(2024 च्या ऑक्टोबरपासून हा नियम बदलला आहे. आता पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तरी मोडताना काही रक्कम मिळते. मावशींच्या वेळी तसं नव्हतं.)

त्यानंतर मी दारोदार जाणं आणि अनोळखी लोकांना फोन करणं बंद केलं. कोणी स्वतःहून विचारलं तरच बोलायचं. यजमानांची मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी होती म्हणून हे जमलं. एकटीच्या कमाईवर घर चालत असतं तर जमलं असतं की नाही, सांगता येत नाही. 2017 साली माझं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं. शाखेत बोलणी बसली. आणि सगळ्यात अवघड काय होतं, तर मोकळ्या दुपारी फोन हातात न घेणं.

त्याच दुपारी मी कागद लिहायला लागले. एक रेघी पान, माझ्याच अक्षरात. मराठी घरासाठी मराठीत, शेजारच्या बेनसाठी गुजरातीत. वरच्या अर्ध्या भागात फक्त काय मिळणार नाही ते. आरोग्य विम्यात पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक ऑपरेशनांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजाराला त्याहून जास्त. आणि खोलीभाड्याची मर्यादा, जी कोणी सांगत नाही आणि जिच्यावरून दवाखान्याच्या काउंटरवर सगळ्यात जास्त रडारड होते.

ती अट आकड्यांशिवाय कळत नाही म्हणून मी कागदावर उदाहरणच लिहिते. पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला पाच हजार. तुम्ही आठ हजारांची खोली घेतली. तुम्हाला वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, कारण दवाखाने महागड्या खोलीतल्या पेशंटला तेच उपचार महाग लावतात. असा खर्च ऐंशी हजार झाला असेल तर कंपनी पन्नास हजार देते. औषधं आणि शरीरात बसवायच्या वस्तू या कपातीतून वगळलेल्या आहेत, तेही लिहिते. म्हणून पॉलिसी घेताना खोलीची अट आधी वाचा, आणि दाखल होताना काउंटरवर ती सांगूनच खोली घ्या.

कागद दिला की मी उठते. चहा झाला तर चहा, नाहीतर तसंच.

बरेच जण हा कागद वाचून आलेच नाहीत. काहींनी दुसरीकडून पॉलिसी घेतली, जिथे "सगळं कव्हर आहे" असं सांगणारं कोणी होतं. काही जणांचा पहिला प्रश्न असायचा, "कमिशनमधून किती सोडणार?" तसं सोडणं विमा कायद्याच्या कलम 41 प्रमाणे गुन्हा आहे, आणि दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. मी नाही म्हणायचे आणि ते जायचे. त्यातली एक पार्टी मोठी होती, कुटुंबातल्या सात जणांची. ती रात्र मी जागून काढली.

पण जे उरले त्यांच्या पॉलिसी बंद पडल्या नाहीत. आमच्या धंद्यात तेराव्या महिन्याचा आकडा बघतात, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा हप्ता किती जणांनी भरला. फळ्यावर तो लिहीत नसत, पण माझा आकडा वर गेला तेव्हा साहेबांनीच बोलावून दाखवला. पहिल्या वर्षाचं कमिशन मोठं असतं, पुढच्या वर्षांचं थोडं थोडं. पण हप्ते चालू राहिले तर ते थोडं थोडंच साचत जातं. चौथ्या-पाचव्या वर्षी माझं घर त्यावर चालायला लागलं.

आणि लोक आले ते बहुतेक क्लेममुळे. मी विकलेली असो वा नसो, कोणी विचारलं तर कागद लावून द्यायचे. डिस्चार्ज समरी, मूळ बिलं, बिलाची फोड, औषधाच्या प्रत्येक पावतीमागे डॉक्टरांची चिठ्ठी. दवाखान्यात बाकावर बसून फाइल लावत असताना शेजारच्या पेशंटचे नातेवाईक बघत असतात. तिथे मी काही विकत नाही. नंबर मागितला तर देते.

मग ऑगस्ट 2024 चा पूर आला. आजवा सरोवरातून पाणी सोडलेलं, वर दिवस-रात्र पाऊस, आणि विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. सोसायट्यांच्या तळघरांत गाड्या बुडाल्या, रस्त्यांवर मगरी निघाल्या. मोटार विम्याचंही काम मी करते, त्यामुळे पुढे काय होणार ते डोळ्यांपुढे दिसत होतं. पाणी ओसरलं की माणूस गाडीपाशी जाणार आणि आधी चावी फिरवणार. पाणी शिरलेलं इंजिन चालू केलं की आतून मोडतं. मग कंपनी म्हणते, हे पुराने झालेलं नुकसान नाही, चालू केल्याने झालेलं आहे. वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल तर तो क्लेम बहुधा जातो.

त्या रात्री वीज नव्हती. फोनमध्ये अठरा टक्के बॅटरी होती. मी मराठीत आणि गुजरातीत चार ओळी लिहिल्या: चावी फिरवू नका. बॅटरीची तार काढता आली तर काढा. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा. कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच न्या. शेवटी एक ओळ होती की फक्त थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीपुरता) विमा असेल तर पुराचे पैसे मिळत नाहीत, धावपळ करू नका. नंबर घातला नाही. ओळखीच्यांना, वाड्याच्या आणि गणपती मंडळाच्या ग्रुपवर पाठवलं आणि फोन बंद केला.

तो संदेश अकोट्यात, समाकडे, कुठे कुठे फिरला. नाव कसं कळलं माहीत नाही, पण त्या गणपतीत माझ्याकडे रोज माणसं यायला लागली. आधी क्लेम विचारायला. दिवाळीनंतर त्यांतलीच काही "आता नीट पॉलिसी कोणती घ्यायची ते सांगा" म्हणत. मी सोमवारच्या मीटिंगला काही बोलत नाही, पण त्या तीन महिन्यांत एकही दार न वाजवता माझं जेवढं काम झालं तेवढं कुठल्याच मार्चमध्ये झालं नव्हतं.

सगळ्यांना मी विकते असं नाही. कर्ज डोक्यावर असलेल्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थांना वीस वर्षांचा हप्ता गळ्यात बांधायला मी तयार झाले नाही. नोकरीला लागलेल्या मुलांना मी साधी टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे मिळतात ती, सुचवते आणि बाकीची बचत वेगळी ठेवायला सांगते. त्यात कमिशन कमी आहे. पॉलिसी हातात आली की तीस दिवसांत परत करता येते, हेही सगळ्यांना सांगते.

2024 च्या एप्रिलपासून जुन्या आजारांसाठी थांबायची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन झाली. मी वाटलेले कागद आठवून आठवून त्या घरांत गेले आणि चारवर काट मारून तीन केलं.

मागच्या महिन्यात मांजलपूरहून एक शिक्षिका आली. तिच्या हातात माझ्याच कागदाची झेरॉक्स होती, कुणाकडून कुणाकडे गेलेली, अक्षर पुसट झालेलं. जुन्या आजाराच्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं. "आईला मधुमेह आहे. फॉर्ममध्ये लिहिलाच नाही तर?"

म्हटलं, "लिहायचाच. लपवलेलं क्लेमच्या वेळी निघतं आणि मग काहीच मिळत नाही. लिहिलं तर हप्ता वाढेल, कदाचित नकारही येईल. घेतली तर मधुमेहाशी संबंधित खर्चाला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, बाकीच्या आजारांना तेवढं नाही."

तिने ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. "घरी बोलते ताई," म्हणाली. मी तिला खाली फाटकापर्यंत सोडायला गेले. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला, आईचे रिपोर्ट कुठल्या तारखेचे लागतील हे विचारायला.