तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना हे आत्ताच कशाला सांगायचं?

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात राहायला येऊन आम्हाला चौदा वर्षे झाली. गणपतीच्या दिवसांत नव्याने आलेली मंडळी भेटतात तेव्हा, आणि पुण्याहून नातेवाइकांचा फोन येतो तेव्हाही, मला हमखास विचारले जाते, "काळ्या-गोऱ्यांचं ते जुनं भांडण. त्यात आपला काय संबंध? मुलांच्या डोक्यात ते कशाला भरवता?" विचारणारे काळजीपोटी विचारतात, म्हणून उत्तर नीट द्यावेसे वाटते.

आपण सांगितले नाही तरी मुलांना कळायचे ते कळतच असते. इथल्या डेलमार रस्त्याच्या उत्तरेला बहुतांश वस्ती कृष्णवर्णीयांची, दक्षिणेला गोऱ्यांची. "डेलमारच्या पलीकडे जाऊ नका, एरिया चांगला नाही," हा आम्हाला मिळालेला पहिला सल्ला आपल्याच लोकांचा होता, आणि पुढे कित्येक वर्षे तो मीही इतरांना देत राहिले. तो रस्ता ओलांडला की मी न चुकता गाडीची दारे लॉक करत असे. एकदा विसरले, तेव्हा मागच्या सीटवरून सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, लॉक!" तिला कोणी काहीही शिकवले नव्हते.

आपला संबंध काय, हे घराच्या कागदपत्रांतच सापडले. घर १९३८ सालचे. खरेदीच्या घाईत न वाचलेले कागद मी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर उघडले, तेव्हा कुंपणाची उंची आणि कोंबड्या पाळण्यास मनाई अशा अटींच्या शेजारीच एक कलम दिसले: या जागेत गोऱ्या वंशाच्या माणसांखेरीज कोणीही राहू नये, अपवाद फक्त घरकामाच्या नोकरांचा. हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या दृष्टीने गोरा नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्येच, इथले नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात दिलेला होता. म्हणजे त्या काळी या घरात मी आलेच असते, तर मोलकरीण म्हणून.

असली कलमे निकामी झाली तीही याच शहरातल्या एका खटल्यामुळे. लॅबडी ॲव्हेन्यूवरचे एक घर १९४५ मध्ये शेली या कृष्णवर्णीय दांपत्याने विकत घेतले. 'निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या' लोकांना तिथे पन्नास वर्षे राहू द्यायचे नाही, असा करार तिथल्या मालकांनी १९११ सालीच आपसांत करून ठेवला होता. शेजारी कोर्टात गेले. असे करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल ३ मे १९४८ रोजी लागला, तरीही घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश पाहण्याला देशभर बंदी घालणारा कायदा यायला १९६८ साल उजाडावे लागले. तोवर ज्यांना चांगल्या वस्तीत घर आणि बँकेचे कर्ज मिळाले नाही, त्यांच्या मुलांना वारसा तरी कशाचा मिळणार? 'एरिया चांगला नाही' या तीन शब्दांत हा सगळा इतिहास आपण गिळून टाकतो. आशियाई लोकांना दार खुले करणारा १९६५ चा कायदाही नागरी हक्कांच्या त्याच लढ्याच्या बळावर आला. आपला व्हिसा त्याच लढ्याच्या पुण्याईवर मिळालेला आहे.

मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर तिला मी शेलींचे ते विटांचे दुमजली घर दाखवायला नेले. डेलमार ओलांडताना दारे लॉक केली नाहीत, आणि आजवर का करत होते हेही तिला सांगितले.

मागच्या वर्षी पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. एजंट फोनवर प्रत्येक भाडेकरूचे आधी आडनाव सांगत होता, मग नोकरी. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. "आडनावावरून काय कळतं?" तिने विचारले. यापुढे मला आडनावे सांगू नका, असे मी एजंटला बजावले आणि जात म्हणजे काय ते तिला समजावू लागले. त्याला अख्खी संध्याकाळ लागली, आणि लॅबडी ॲव्हेन्यूवर जितके सहज बोलता आले होते, तितके या वेळी आले नाही.