कृत्तिकांचा एचआर आलेख: पट्ट्यावरचा दुसरा पट्टा

कृत्तिका तारकागुच्छाचा एचआर आलेख (ताऱ्यांचा रंग विरुद्ध तेजस्विता) आता चार लोकांना दाखवण्याजोगा झालाय. पावसामुळे दुर्बीण झाकलेलीच, म्हणून सगळं काम ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तिसऱ्या (डीआर३) यादीवर, टॉपकॅट या तक्ते हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. १९११ साली खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंगनं (एचआरमधला ‘एच’) छापलेले आलेख कृत्तिका आणि हायडीज या दोन गुच्छांचेच होते, तेव्हा सुरुवात इथूनच करणं आलं.

गुच्छातल्या सगळ्यात तेजस्वी अल्सायोनीभोवतीचे २ अंशांतले तारे उतरवले की हजारोंची गर्दी येते, बहुतेक मागचे उपरे. लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून ताऱ्याचं दिसणारं सरकणं, यावरून अंतर कळतं) ७ ते ७.८ मिलिआर्कसेकंद (कोनाचं अगदी बारीक माप) ही पहिली चाळणी. दुसरी निजगतीची, म्हणजे ताऱ्याच्या आकाशातल्या स्वतःच्या चालीची: कृत्तिका वर्षाला साधारण २० मिलिआर्कसेकंद पूर्वेला आणि ४५ दक्षिणेला सरकतात, ज्यांची चाल जुळत नाही ते बाद. मग आडव्या अक्षावर बीपी-आरपी रंग (गायाच्या निळ्या आणि तांबड्या मापांतला फरक; तापलेले निळे डावीकडे, थंड तांबडे उजवीकडे), उभ्यावर निरपेक्ष प्रत (ताऱ्याची खरी तेजस्विता; तेजस्वी वर). मेन सिक्वेन्स, म्हणजे बहुतेक तारे ज्यावर बसतात तो तिरका मुख्य पट्टा, लगेच उमटली. सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांची गायाची मापं मात्र फार भरवशाची नसतात, त्यामुळे वरचं टोक जपून वाचा.

खरी गंमत झूम केल्यावर. मुख्य पट्ट्याच्या थोडं वर, त्याला समांतर, ठिपक्यांची आणखी एक विरळ रांग आहे. हे जोडतारे! दोघं इतके चिकटून की गायालाही एकच दिसतात. सारखेच दोन तारे असतील तर रंग तोच, प्रकाश दुप्पट, म्हणजे ठिपका बरोबर ०.७५ प्रत वर. जोडीदार मंद आणि तांबडा असेल तर ठिपका जरा उजवीकडे झुकून दोन रांगांच्या मधे अडकतो. माझ्या दुर्बिणीतून हे जन्मात दिसलं नसतं.

एक खेळ करून बघा. गायाच्या लंबनावरून अंतर १३६ पार्सेक (एक पार्सेक म्हणजे साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं) येतं. गायाच्या आधीच्या हिप्पार्कोस उपग्रहानं ते १२०च्या आसपास दिलं होतं. तो आकडा घातला की अख्खा पट्टा पाव प्रतीहून थोडा जास्तच खाली घसरतो. या फरकावरून वर्षानुवर्षं वाद का चालला, ते कळतं.

शेजारी पुष्यातल्या गुच्छाचा आलेखही ठेवलाय. कृत्तिकांचं वय दहा-बारा कोटी वर्षं, याचं साठ-सत्तर कोटी. तापलेले निळे तारे आधी संपतात, म्हणून निळं टोक गायब, उजवीकडे मोजके राक्षसी तारे. पुढचा नंबर एम६७ या गुच्छाचा. लंबन जेमतेम १.१५ मिलिआर्कसेकंद, म्हणजे गुच्छ फार लांब आणि लंबनाची चाळणी कच्ची, त्यामुळे तिथे सगळी भिस्त निजगतीवर.