प्रवास करून आलेल्या अंड्यांची उबवणी

कुरिअरने आलेला खोका उघडला आणि एकही अंडे फुटलेले नाही असे दिसले, की ती लगेच इन्क्युबेटरमध्ये ठेवण्याचा मोह होतो. परंतु कवच शाबूत आहे म्हणून आतले सारे शाबूत असेलच असे नाही. अंड्याच्या रुंद टोकाशी, कवचालगतच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये हवेची पोकळी असते आणि वाटेतल्या आदळआपटीचा मोठा फटका तिलाच बसतो. अंधाऱ्या खोलीत अंड्याखाली टॉर्च धरला असता चांगल्या अंड्यातील पोकळीची कड एका जागी स्थिर दिसते, तर धक्के खाल्लेले अंडे जरा कलते केले तरी ती कड पाणसळीतल्या बुडबुड्याप्रमाणे बाजूला सरकते. बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू याच पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेते, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

म्हणून अशी अंडी निमुळते टोक खाली करून, खोलीच्या तापमानात किमान 24 तास न हलवता ठेवावीत, असा माझा आग्रह असतो. थंड अंडी एकदम उबेत गेली तर कवचावर दव धरते आणि त्या ओलीबरोबर जंतू सूक्ष्म छिद्रांतून आत शिरू शकतात. अंडी धुऊ नयेत, कारण कवचावरचा नैसर्गिक लेप धुतल्याने निघून जातो. या विश्रांतीच्या काळात यंत्र रिकामेच चालू ठेवून तापमान स्थिर होते की नाही, हे वेगळ्या थर्मामीटरने ताडून पाहावे.

खरा पेच अंडी फिरवण्याचा आहे. एरवी गर्भ पापुद्र्याला चिकटू नये म्हणून अंडी पहिल्यापासून दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात. पण पोकळी सुटलेली अंडी पहिले दोन-तीन दिवस ट्रेमध्ये उभीच, न फिरवता ठेवावीत आणि त्यानंतर ती आडवी न लोळवता ट्रे दोन्ही बाजूंना आळीपाळीने सुमारे 45 अंशांत कलवावा, या मताचा मी आहे. कोंबडीच्या अंड्यांचे फिरवणे 18व्या दिवशी थांबवायचे. बदकाच्या अंड्यांना एकूण 28 दिवस लागत असल्याने तेथे हे 25व्या दिवशी येते.

पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश सेल्सिअस तापमान राखावे. पंखा नसेल तर वर आणि खाली उष्णता सारखी राहत नाही, म्हणून अंड्यांच्या माथ्याशी मोजून ते सुमारे एका अंशाने अधिक ठेवावे. आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा मला वजनकाट्यावर अधिक भरवसा वाटतो: 60 ग्रॅमचे अंडे 18व्या दिवसापर्यंत साधारण 7 ग्रॅमने हलके व्हायला हवे. त्याहून कमी घट झाली तर आर्द्रता उतरवावी, जास्त झाली तर वाढवावी.

सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. नुसते लाल कडे दिसले तर तो दगावला आहे. काही अंडी अगदी निरभ्र दिसतात, पण ती अफलितच होती असे ठरवून पाठवणाऱ्याला दोष देण्याची घाई करू नये. अंडे फोडून बलक पाहावा. त्यावर पांढरट पापुद्रा पसरू लागलेला असेल, तर अंडे फलित होते आणि गर्भ अगदी सुरुवातीलाच गेला, हा निष्कर्ष निघतो. दूरवरून आलेल्या अंड्यांतून निम्मी पिल्ले निघाली तरी उबवणी चांगली झाली असे मी मानतो, आणि मागवताना अंडी तेवढ्या हिशेबानेच जास्त मागवावीत.

शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्यावी आणि झाकण मिटलेलेच ठेवावे. कवचाला पहिला तडा गेल्यानंतर पिल्लू बाहेर यायला 12 ते 24 तास लागू शकतात. या काळात ते रक्तवाहिन्यांतले रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते, त्यामुळे मदतीसाठी कवच सोलणे बहुधा जिवावर बेतते. सारखे झाकण उघडले तर पापुद्रा सुकून पिल्लाला आवळून धरतो. बाहेर आलेली पिल्ले पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज तग धरतात, तेव्हा त्यांना अंग वाळेपर्यंत यंत्रातच राहू द्यावे.