सरदारापातचं पाणी

आर्मेनियाची राजधानी येरेवान. तिथल्या त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीवर, १९१५ मध्ये ऑटोमन तुर्की साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या वंशसंहाराचं स्मारक आहे. ज्योतीकडे जाताना एक लांब भिंत लागते. जिथली आर्मेनियन वस्ती मारली गेली, हाकलली गेली, त्या गावांची नावं तिच्यावर कोरली आहेत. त्याच भिंतीत काचेआड थोडी थोडी माती ठेवलेली दिसते. आर्मेनियनांच्या बाजूने उभं राहिलेल्या परदेशी माणसांच्या कबरींवरची ही माती. त्यात नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेनही आहेत.

मला ते माहीत होते १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडणारे धाडसी प्रवासी म्हणून. पण पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) निर्वासितांचं काम त्यांच्याकडे सोपवलं, आणि पुढचं आयुष्य त्यांनी त्यातच घातलं. जीव वाचवून सिरिया, लेबनॉन, ग्रीस गाठलेल्या आर्मेनियनांकडे कुठल्याच देशाचा कागद नव्हता. कागद नाही तर सरहद्द ओलांडायची सोय नाही. रशियन निर्वासितांसाठी १९२२ मध्ये निघालेला ‘नान्सेन पासपोर्ट’ १९२४ पासून त्यांनाही मिळू लागला. पुढे त्यावर नान्सेन यांचं चित्र असलेलं पाच सुवर्ण फ्रँकांचं तिकीट डकवू लागले. तो पैसा निर्वासितांच्याच कामी येई, आणि ऐपत नसलेल्यांना तिकीट माफ होतं.

मला मात्र सरदारापातचा माळ पाहायचा होता. येरेवानहून मार्शुत्का, म्हणजे आपली वडाप, पकडून पश्चिमेला निघालो. डावीकडे सरहद्दीपलीकडचा, तुर्कस्तानातला अरारात पर्वत सतत सोबतीला होता. १९२५ च्या जूनमध्ये त्रेसष्ट वर्षांचे नान्सेन इंग्रज, फ्रेंच आणि इटालियन तज्ज्ञांना घेऊन आर्मेनियात हिंडले. सरदारापातच्या कोरड्या जमिनीला पाणी द्यायचं आणि निर्वासितांना तिथे शेतकरी म्हणून वसवायचं, ही त्यांची योजना. त्यासाठी ते भीक मागत नव्हते, कर्ज मागत होते. परतफेडीचा हिशेबही त्यांनी मांडला होता.

आज तिथे पाट वाहतात. ते सोव्हिएत काळात निघाले. मी पाटाच्या कडेने बराच वेळ चाललो. गढूळ, वेगाचं पाणी, दोन्ही बाजूंना जर्दाळूच्या बागा, मुळाशी पाणी वळवायला फावड्याने फोडलेलं बारं. मी नगर जिल्ह्यातला. पाण्याची पाळी चुकली की घरात काय होतं ते पाहिलेलं आहे, त्यामुळे नान्सेन यांचा आग्रह मला लगेच उमगला. एका बागेतल्या आजींनी नातीच्या इंग्रजीतून सांगितलं, वडील १९४७ मध्ये बेरूतहून आले.

नान्सेन वर्षानुवर्षं राष्ट्रसंघात त्या कर्जासाठी भांडले. युद्धाच्या काळात आर्मेनियनांना मोठमोठी आश्वासनं देणाऱ्या सरकारांनी हात आखडला, याचा मला आजही राग येतो. १९३० मध्ये नान्सेन गेले. पुढे त्यांच्या नावाच्या कार्यालयाने सुमारे १०,००० आर्मेनियन येरेवान भागात आणि ४०,००० सिरिया-लेबनॉनमध्ये वसवले. कर्ज वेळेवर मिळालं असतं, तर त्या ४०,००० मधल्या कितीतरी जणांना याच माळावर जमीन मिळाली असती.